चेतापेशीचा जमाखर्च



साहित्याच्या व्यासपीठावर विज्ञानाचा विषय मांडायचा, तर तो घरातल्या एखाद्या प्रश्नापासून सुरू करावा. म्हणजे तो परका वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मधुमेह असलेले कोणी ना कोणी ज्येष्ठ आहेत. त्यांची एक तक्रार आपल्या ओळखीची असते. आधी पायांच्या बोटांना मुंग्या येतात. मग रात्री तळवे जळजळतात. पुढे एके दिवशी चालता चालता एका पायातली चप्पल निसटते आणि ते चार पावले गेल्यावरही लक्षात येत नाही. बधिरपणा बोटांपासून घोट्याकडे, घोट्यापासून पोटरीकडे, मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हातांच्या बोटांची टोकेही तक्रार करू लागतात.

साखर तर साऱ्या रक्तात वाढलेली असते. ते रक्त जसे पायांकडे जाते तसेच पाठीकडे, पोटाकडे, गालांकडेही जाते. मग सुरुवात नेमकी पायांच्या बोटांपासून का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर चेतापेशीच्या जमाखर्चात आहे. मेंदू, मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेल्या नसा ज्या पेशींच्या बनलेल्या असतात त्या चेतापेशी. त्यांचा कोणता भाग ऊर्जा कशावर खर्च करतो, ती ऊर्जा कुठे तयार होते आणि खर्चाच्या जागी कशी पोचते, एवढेच आज पाहायचे आहे. ते समजले की बोटांच्या मुंग्यांचा अर्थ लागतो, आणि पक्षाघाताच्या वेळी डॉक्टर एवढी घाई का करायला सांगतात तेही उमगते.

आधी एकूण खर्च पाहू. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. विजेच्या हिशेबात हा खर्च २० वॅटच्या जवळपास जातो. घरातला एखादा एलईडी दिवा रात्रंदिवस जळत ठेवावा तेवढा. माणसाच्या मेंदूचा हा खर्च नीट मोजता येऊ लागला तो १९४० च्या दशकात. अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी स्वयंसेवकांना नायट्रस ऑक्साइड हा वायू अल्प प्रमाणात हुंगायला दिला. धमनीतून मेंदूकडे जाणारे रक्त आणि मानेतल्या शिरेतून परतणारे रक्त यांतला फरक मोजून, मेंदूतून किती रक्त वाहते आणि तो त्यातला किती प्राणवायू काढून घेतो, याचा हिशेब त्यांनी बसवला.

मग साहजिकच प्रश्न आला की डोके चालवले तर हा खर्च वाढत असेल का? १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ, केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना मनातल्या मनात गणिते सोडवायला लावून तीच मोजणी केली. गणिते चालू असतानाचा आणि स्वस्थ पडून असतानाचा मेंदूचा एकूण खर्च सारखाच निघाला. विचाराला ऊर्जा लागत नाही, असा याचा अर्थ नव्हे. माणूस स्वस्थ पडला तरी मेंदू गप्प बसत नाही. त्याचे आपापसांतले बोलणे अखंड चालू असते, आणि गणिताने त्यात पडलेली भर एकूण आकड्यात बुडून जाते. घराच्या महिन्याच्या वीजबिलावरून कोणत्या खोलीतला पंखा कधी चालू होता ते कळत नाही, तसेच हे. खोलीखोलीचा मीटर हवा होता.

खोल्यांची मांडणी मात्र आधी ध्यानात घ्यायला हवी. चेतापेशीला एक धड असते. त्याला पेशीकाय म्हणतात. जनुके ठेवलेले केंद्रक तिथे असते आणि पेशीची बहुतेक प्रथिने तिथेच घडतात. मेंदूतल्या नमुनेदार चेतापेशीत या धडातून झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका फुटतात. दुसऱ्या पेशींकडून आलेले निरोप त्या घेतात. एक लांब दोरा निघतो, तो अक्षतंतू. त्यावरून विजेचा आवेग धावत जातो. अक्षतंतूची टोके दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जाऊन थांबतात. मधे एक अतिशय अरुंद फट राहते. ही जागा म्हणजे संपर्कस्थान. टोकातून रसायन सुटते, फट ओलांडते आणि पलीकडच्या वृक्षिकेवर पडते.

पायाच्या बोटाचा स्पर्श मेंदूला कळवणाऱ्या पेशीची रचना थोडी निराळी आहे. तिचे धड कमरेत, मणक्यालगतच्या एका गाठीत बसलेले असते. त्याच्यापासून निघालेल्या तंतूची एक शाखा पायाच्या बोटापर्यंत उतरते आणि दुसरी मज्जारज्जूत शिरते. धडाची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी धरली आणि बोटापर्यंतच्या शाखेची लांबी एक मीटर धरली, तर लांबी रुंदीच्या वीस हजार पट होते. धड म्हणजे दहा मीटर रुंदीचा वाडा मानला, तर त्याच्या दारातून निघालेली वाट दोनशे किलोमीटर जाईल. इंदूरहून जवळजवळ भोपाळपर्यंत. आणि ही सगळी वाट एकाच पेशीच्या मालकीची. आज आपण मुख्यतः हीच पेशी डोळ्यांसमोर ठेवू.

आता खर्च कशाचा, ते पाहू. गच्चीवर पाण्याची टाकी असते. नळ उघडला की पाणी आपोआप येते. त्या क्षणी वीज लागत नाही. वीज लागते ती टाकी पुन्हा भरणाऱ्या पंपाला. चेतापेशीचे असेच आहे. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, असा फरक तिने सतत राखलेला असतो. आवेग जातो तेव्हा पेशीच्या आवरणातली दारे क्षणभर उघडतात आणि सोडियम आत घुसते. हे झाले नळ उघडणे. आत आलेले सोडियम बाहेर टाकण्याचे काम पंपाचे. हा पंप म्हणजे एक प्रथिन आहे. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून १९५७ मध्ये ते दाखवून दिले, आणि त्यासाठी १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पंपाचा दर ठरलेला आहे. एटीपी नावाच्या रेणूला पेशीचे सुटे पैसे म्हणता येईल. असा एक रेणू मोडला की तीन सोडियम बाहेर जातात आणि दोन पोटॅशियम आत येतात.

नळ आणि पंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका विलक्षण प्रयोगाने स्पष्ट केले. माखली वर्गातल्या स्क्विड या सागरी प्राण्याचा एक अक्षतंतू अर्धा-एक मिलिमीटर जाड, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा असतो. बेकर, हॉजकिन आणि शॉ या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये तो पिळून त्यातला गर काढून टाकला आणि आत नुसते क्षारांचे पाणी भरले. कारखाना नाही, इंधन नाही, एक पोकळ नळी. तरीही तिच्यावरून आवेग हजारोंच्या संख्येने धावत राहिले. साठलेला फरक आहे तोवर संदेश फुकट जातो. पैसे मोजावे लागतात ते नंतर, टाकी भरताना. म्हणून चेतापेशीच्या ज्या भागात सर्वांत जास्त दारे उघडतात, त्या भागाला सर्वांत मोठे बिल येणार.

तो भाग कोणता? सोकोलॉफ यांनी खोलीखोलीचा मीटरही शोधून काढला. ग्लुकोजसारखाच दिसणारा, पण पेशीत शिरल्यावर पुढे न पचता अडकून राहणारा एक रेणू त्यांनी घेतला आणि त्याला किरणोत्सारी खूण लावली. ज्या भागाची भूक जास्त तिथे खूण जास्त साठते. १९७७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. १९८५ मध्ये मासाको कादेकारो, अॅलिसन क्रेन आणि सोकोलॉफ यांनी ती उंदराच्या पायाच्या मोठ्या नसेवर वापरली. त्यांनी नसेला विजेचे हलके झटके दिले, आणि आवेग मणक्यालगतच्या गाठीवरून, म्हणजे पेशींच्या धडांपाशीून, मज्जारज्जूत पोचले. झटक्यांचा वेग वाढवला तशी मज्जारज्जूतल्या, अक्षतंतूंची टोके जिथे संपतात त्या भागाची भूक वाढत गेली. गाठीत, धडे जिथे आहेत तिथे, काहीच फरक पडला नाही.

बोलण्याचा खर्च धड करत नाही; जिथे एक पेशी दुसरीला भेटते तिथे तो होतो, हे या एका प्रयोगाने फार स्वच्छ दाखवले.

पुढे या खर्चाचे अंदाजपत्रकही मांडले गेले. डेव्हिड अॅटवेल आणि सायमन लॉफलिन यांनी २००१ मध्ये मेंदूच्या करड्या भागातील संदेशवहनाचा हिशेब केला. त्यात अक्षतंतूवरील आवेगांच्या नावे ४७ टक्के आणि संपर्कस्थानापलीकडे रसायन झेलणाऱ्या भागाच्या नावे ३४ टक्के पडले होते. पण एका आवेगाला किती सोडियम लागते हा आकडा त्यांनी स्क्विडच्या जाड तंतूवरून घेतला होता. २००९ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या बारीक अक्षतंतूंवर प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा ते स्क्विडपेक्षा कितीतरी काटकसरी निघाले. त्यामुळे वही दुरुस्त करावी लागली. २०१२ मध्ये अॅटवेल आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सुधारित हिशेबात रसायन झेलणाऱ्या वृक्षिकांचा वाटा निम्मा आहे. आवेगांचा सुमारे एक पंचमांश, आणि नुसत्या विश्रांतीत टाकी भरलेली ठेवण्याचा जवळजवळ तेवढाच. उरलेला दहावा भाग रसायन सोडणे आणि वापरलेले परत गोळा करणे यांवर जातो. ही कागदावरची गणिते आहेत आणि पुन्हा बदलतील. पण मोठा खर्च भेटीच्या जागी होतो, हा मुद्दा ढळलेला नाही.

याचे कारण सोपे आहे. निरोप धाडणारी एक पेशी हजारो ठिकाणी दुसऱ्यांना भेटते. प्रत्येक ठिकाणी टोकातली रसायनाची एखादी इवली पिशवी फुटते, तिच्यातले हजारो रेणू पलीकडे पडतात, तिथली दारे उघडतात आणि सोडियम आत येते. ते सगळे पंपाने बाहेर काढायचे. अलीकडच्या टोकालाही कामे असतातच. फुटलेल्या पिशवीचे आवरण परत आत ओढायचे, तिची पुन्हा पिशवी करायची आणि ती पुन्हा रसायनाने भरायची. एवढेच नव्हे, भरलेल्या पिशव्या गळक्या असतात. टोक गप्प असले तरी त्या भरलेल्या राखायला ऊर्जा लागतच राहते, आणि टोकाच्या विश्रांतीतल्या खर्चाचा तो एक मोठा भाग असतो, असे २०२१ मध्ये दाखवले गेले. घरी कोणी आले नाही तरी दुकान उघडे ठेवण्याचा खर्च चुकत नाही, तसे हे आहे.

आता मुख्य अडचण अशी. खर्च दूरच्या टोकांवर आहे. मग धडात एटीपी बनवून तो तिथे पाठवता येईल का? पेशीतल्या द्रवात रेणू आपोआप पसरतात, पण या पसरण्याचा नियम मोठा कठोर आहे: अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. एटीपीचा पसरण्याचा वेग धरून हिशेब केला, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे अंतर तो सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात कापतो. एक मिलिमीटरला मात्र अर्धा तास लागतो. आणि कमरेपासून बोटापर्यंत, एक मीटरला? पन्नास वर्षे. तरुणपणी धाडलेली मनिऑर्डर नातवंडांच्या हाती पडायची!

तेव्हा उपाय एकच उरतो. जिथे खर्च तिथेच कमाई. आपल्या इतिहासात ही युक्ती अपरिचित नाही. अठराव्या शतकात माळव्यातल्या किंवा गुजरातेतल्या फौजांचा पगार पुण्याच्या खजिन्यातून दरमहा पाठवणे शक्य नव्हते. म्हणून सरदारांना सरंजाम लावून दिले गेले. मुलूख तिथला, वसूल तिथला, आणि त्यावर फौजही तिथेच पोसायची. आपल्यापैकी अनेकांची घराणी या व्यवस्थेच्या पाठोपाठच या मुलखांत आली आणि इथलीच झाली.

चेतापेशी पैसे पाठवत नाही, टांकसाळ पाठवते. तंतुकणिका या पेशीतल्या टांकसाळी. ग्लुकोज आणि प्राणवायू वापरून त्या एटीपी पाडतात. ग्लुकोज आणि प्राणवायू हे त्या त्या जागच्या केशवाहिन्यांतून, म्हणजे स्थानिक वसुलातून मिळतात. तंतुकणिकांना वाहून नेण्यासाठी अक्षतंतूच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून चालणारी प्रथिने हमाली करतात. त्यांतले कायनेसिन नावाचे प्रथिन १९८५ मध्ये स्क्विडच्याच चेतापेशींतून ओळखले गेले. ते एका पावलाला एक एटीपी खर्च करते, आणि त्याचे पाऊल मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आठपट एवढेच असते. वाटेत जिथे संदेशांची वर्दळ आहे तिथे कॅल्शियम वाढलेले असते. कॅल्शियम वाढले की तंतुकणिकेचे हमालाशी असलेले बंधन सुटते आणि ती तिथेच मुक्काम करते. वरून कोणी हुकूम द्यावा लागत नाही. जिथे काम जास्त तिथे टांकसाळी आपोआप थांबतात.

टोकांना ही जागेवरची कमाई खरोखर किती निकडीची आहे, हे टिमोथी रायन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवले. संदेश सुरू झाले की टोक त्याच क्षणी एटीपीचे उत्पादन वाढवते. ते उत्पादन रोखले तर शिल्लक लवकरच संपते, आणि वापरलेल्या पिशव्या परत आत ओढण्याचे काम सर्वांत आधी अडते. साठा जवळजवळ नाहीच. रोजचे आणायचे आणि रोजचे खायचे, असा हा संसार आहे.

लांबच्या वाटेवर काटकसरीचीही एक सोय आहे. जाड अक्षतंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण गुंडाळलेले असते आणि साधारण मिलिमीटरभर अंतरावर त्यात उघडी गाठ राहते. दारे बहुतांशी त्या गाठींपाशीच उघडतात, म्हणून सोडियम कमी शिरते आणि पंपाचे काम वाचते. आवरण गुंडाळणाऱ्या पेशी नुसत्या वेष्टन घालून मोकळ्या होत नाहीत. मेंदूत त्या अक्षतंतूला लॅक्टेटच्या रूपात इंधनही पुरवतात, असे २०१२ मधल्या उंदरांवरच्या अभ्यासांतून पुढे आले. वेदना आणि उष्णता कळवणारे सर्वांत बारीक तंतू मात्र मायलिनशिवाय असतात. त्यांना ही काटकसर उपलब्ध नाही.

पण सरंजामदाराला मुलूख मिळाला तरी सनद वरूनच यावी लागे. तंतुकणिकांचेही तसेच आहे. एका तंतुकणिकेला हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने लागतात. त्यांतल्या फक्त १३ प्रथिनांची माहिती तिच्या स्वतःच्या जनुकांत असते. बाकीच्या साऱ्यांची मूळ प्रत दूर धडातल्या केंद्रकात. म्हणजे रोजचे खाणे स्थानिक असले, तरी दुरुस्तीचे बहुतेक सामान लांबूनच येते. वेगवान वाहतूक दिवसाला काही सेंटिमीटरपासून फार तर चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि तंतुकणिका तर थांबत थांबत चालतात. काही प्रथिनांची चाल दिवसाला मिलिमीटरभरच असते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत एक मीटर जायला त्यांना जवळजवळ तीन वर्षे लागतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चेतापेशीच्या लांब टोकाला दोन गोष्टी सतत लागतात: जागेवरचे इंधन आणि धडाकडून येणारे दुरुस्तीचे सामान. वाट जितकी लांब तितकी बिघाडाची ठिकाणे जास्त आणि तितका दुरुस्तीला उशीर. मधुमेहात दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. जास्तीच्या साखरेमुळे आणि मेदामुळे तंतुकणिकांचे काम बिघडते. आवरण घालणाऱ्या पेशीही आजारी पडतात. यांतल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, याबद्दल तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. पण कारण कोणतेही असो, त्याचा भार सर्वांत लांब तंतूच्या सर्वांत दूरच्या टोकावर सर्वांत आधी दिसतो. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात. बधिरपणा पायांत गुडघ्यापर्यंत चढतो तेव्हा हातांच्या बोटांची पाळी येते, कारण हाताचे तंतू त्या सुमाराच्या लांबीचे असतात. बारीक, आवरण नसलेले तंतू पुष्कळदा आधी बिघडतात, म्हणून जळजळ आणि टोचणी बधिरतेच्या आधी येऊ शकते.

हा तर्क केवळ मधुमेहावरून काढलेला नाही. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात मायटोफ्यूसिन-२ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे २००४ मध्ये कळले. हे प्रथिन तंतुकणिकांना एकमेकींशी जोडते आणि त्यांच्या प्रवासालाही लागते. दोष जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. तरी त्रास सुरू होतो तो पावलांपासून. टांकसाळींचा कारभार बिघडला की आधी दूरचे ठाणे पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

आता पक्षाघात. मधुमेहात रसद वर्षानुवर्षे तुटपुंजी होत जाते. पक्षाघातात ती मिनिटांत तुटते. मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. मेंदूकडचे सारे रक्त थांबले तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, कारण साठा नाही. पण गुठळीने एखादी वाहिनी बंद झाली, तर तिच्या प्रदेशातला प्रवाह सगळीकडे शून्य होत नाही. कडेच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. बबून माकडांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की प्रवाह २० मिलिलिटरच्या खाली गेला की पेशींचे बोलणे बंद पडते. पण पंप बंद पडून पेशी मरू लागतात त्या तो १० च्या आसपास उतरल्यावर. मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या असतात, मेलेल्या नसतात. सर्वांत महाग काम, म्हणजे बोलणे, आधी थांबलेले असते. उरलेल्या तुटपुंज्या कमाईवर जीव तग धरून असतो. या पट्ट्याला ग्रहणाच्या परिभाषेतलाच शब्द वापरतात: उपच्छाया.

ही उपच्छाया फार काळ टिकत नाही. मोठी वाहिनी बंद झालेल्या नेहमीच्या पक्षाघातात, उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा २००६ मध्ये मांडलेला अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. म्हणून तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर मीठ-साखरेचे पाणी देत, तेल चोळत किंवा सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये. मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे, आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना सांगावे. हात हलत नाही म्हणजे तो हलवणाऱ्या साऱ्या पेशी गेल्या असे नव्हे; त्यांतल्या पुष्कळ अजून फक्त मुक्या झालेल्या असतात.

पायांच्या बाबतीत घाई वेगळ्या प्रकारची आहे. साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा नसांना खरोखर होतो. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. मोठ्या वयात होणाऱ्या टाइप २ मधुमेहात हा फायदा एवढा मोठा दिसत नाही, म्हणून तिथे लवकर ओळखणे अधिकच महत्त्वाचे. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी. प्रत्येक मुंगी मधुमेहाचीच असेल असेही नाही. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडले तरी लांब तंतू आधी बिघडतात. संपूर्ण शाकाहारी घरांत ही उणीव पुष्कळ आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ती वाढू शकते. रक्ताच्या एका तपासणीने ती कळते, आणि वेळेवर कळली तर भरून काढता येते.

ज्या पायाला दुखणे कळत नाही त्याची काळजी डोळ्यांनी घ्यावी लागते. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणी पाहावे. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. उन्हात तापलेल्या फरशीवरून देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालण्याचा आग्रह अशा ज्येष्ठांना करू नये. आणि त्यांनी मुंग्या येतात असे सांगितले, तर ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ म्हणून ते कानाआड करू नये. त्या मुंग्या म्हणजे सर्वांत दूरच्या ठाण्यावरून आलेला, रसद कमी पडत असल्याचा निरोप आहे. तो आला आहे याचा अर्थ ठाणे अजून पडलेले नाही.